नानांचा वाटा

"आन ह्यो सगळाच खारट हाय?"

ओंजळीतलं पाणी तोंडात घेऊन नानांनी लगेच थुंकून टाकलं होतं. धोतराच्या सोग्यानं ते जीभ पुसत होते.

"सगळाच, नाना."

"तिकडं लांब, मधी?"

"मध्येसुद्धा."

"चाखून बघितलंय का कुनी?"

"बघितलं असेल. माणसं रोज जातात तिकडं मासे धरायला."

त्यांनी एकदा सगळ्या पाण्यावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "एवढं पानी, आन वावराला एक चूळ न्हाई. देवानं बी हितं काय डोकं चालवलेलं दिसत न्हाई."

वेंगुर्ल्याच्या नवाबाग किनाऱ्यावरची ही गोष्ट आहे. मे महिन्याची तेवीस तारीख, साल शहाण्णव. माझे वडील, सगळ्यांचे नाना, त्या दिवशी सकाळीच सेलूहून आले होते आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघत होते. आयुष्यात त्यांनी तीन विहिरी खणल्या. दोन कोरड्या निघाल्या, तिसरी होळीपर्यंत पाणी पुरवायची. अशा माणसाला पाण्याचा एवढा पसारा दाखवणं म्हणजे त्याची थट्टा केल्यासारखंच होतं, पण नानांनी ती थट्टा फार मनाला लावून घेतली नाही. चाखून बघितलं, निकाल दिला, संपलं.

मग त्यांनी कोपरीच्या खिशावर हात ठेवला. त्या दिवसात हा हात त्यांनी वीस वेळा तरी ठेवला असेल.

"चल. ह्ये बघून झालं. उद्या सकाळी कागद देऊन टाकू तुज्या हापिसात. शनवारच्या सकाळच्या गाडीचं न्हाई, त्याच्या म्होरल्या शनवारचं रिझर्वेशन करून ठिवलंय. कोल्हापूरपस्तोर दोन शीटा."

"दोन?"

"मंग? तुला हितंच सोडून जाऊ व्हय?"

मी वाकून पायांवरची वाळू झटकत राहिले.

तो कागद म्हणजे माझ्या बदलीचा आदेश. मी तेव्हा वेंगुर्ल्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. नोकरी लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माहेरी बसून होते, कारण नवऱ्यानं लग्नानंतर दोन वर्षांतच मला आणून सोडलं होतं. का सोडलं ते त्यानं सांगितलं नाही. मला ते आजवर कळलेलं नाही, आणि आता कळून घ्यायची हौसही नाही. पण गावात त्याची कारणं माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त माहीत होती. पाणवठ्यावर गेले की बायका आवाज बारीक करायच्या. वाण द्यायला आलेली बाई माझ्यापाशी आली की तिचा हात अडखळायचा. नोकरीचं पत्र आलं आणि त्यात सिंधुदुर्ग जिल्हा असं लिहिलेलं होतं. नकाशात बघितलं तर महाराष्ट्र संपत होता तिथं. मी निघाले.

पहिली तीन वर्षं मी इथं नुसती रडले. पाऊस थांबेना, कपडे वाळेनात, माणसं काय बोलतात ते कळेना आणि ज्या त्या स्वयंपाकघरातून मासळीचा वास. तीन वर्षांची नोकरी झाल्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागता येत नव्हती. ज्या दिवशी तीन वर्षं भरली त्या दिवशी मी अर्ज टाकला आणि नानांना पत्र लिहिलं, मला इथून न्या.

नानांनी ते पत्र असं काही मनावर घेतलं की विचारू नका. दर सोमवारी ते सेलूहून परभणीला जायचे आणि जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. कुणी विचारलं काय काम आहे, तर म्हणायचे, "लेकीचं हाय." असे तीन वर्षं. शेवटी तिथल्या शिपायानंच साहेबांना सांगितलं म्हणे, या म्हाताऱ्याचं काम करा, बाकाची फळी झिजली. आदेश निघाला तो टपालानं पाठवू द्यायलाही नानांचा जीव होईना. हातानं घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की संबंधित शिक्षिकेनं एकतीस मेपर्यंत हा आदेश सादर करून कार्यमुक्त व्हावं, नाहीतर आदेश रद्द समजून यादीतल्या पुढच्या नावाचा विचार केला जाईल.

फक्त या तीन वर्षांत एक गोष्ट घडली होती, आणि ती मी नानांना कळवली नव्हती. मला वेंगुर्लं आवडायला लागलं होतं. कुठल्या दिवशी, ते सांगता येत नाही. दिवाळीत सेलूला गेले असताना जेवताना मी वहिनीला म्हटलं, सोलकढी नाही का गं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पण तोवर नाना दर सोमवारी बाकावर बसतच होते. त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं की नाना, उठा तिथून, मला यायचं नाही?

"तुजी खोली तयार केलीया," घरी परतताना नाना म्हणाले. "दक्षिनेकडची. चुना मारला, नवी खिडकी बसवली. तुजी माय गेल्यापसून घर कसं मोकळं मोकळं लागतंय बघ. भाऊ, वहिनी हाईत, पन ती आपल्या कामाची मानसं."

खिडकीचं ऐकून मी पावलं भराभर उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही पंचायत समितीत गेलो. साहेब दौऱ्यावर होते. हे खरं होतं. शनिवार-रविवार सुट्टी. हेही खरं होतं. पुढच्या थापा मी मनातल्या मनात रचून ठेवायला लागले होते. मुख्याध्यापक गावी गेलेत, चार्ज कुणाकडे द्यायचा. शिक्का कपाटात आहे आणि किल्ली सापडत नाही. गृहपाठ न केलेली पोरं माझ्यासमोर जी तोंडं करून उभी राहायची, ती आता मला चांगली समजायला लागली.

आणि नेमके ते दिवस असे होते की कुणालाही इथून हलू वाटू नये. मे संपत आला की आमचं हे लहानसं शहर दिवसभर काहीतरी खात नाही तर काहीतरी साठवत असतं. माझी घरमालकीण पारूकाकी गिरप अंगणभर रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बसलेली असायची. तिचे हात कोपरापर्यंत लालभडक. तिच्या घरचा शेवटचा बरका फणस उतरवला होता. त्याच्या रसाची साटं, म्हणजे फणसपोळी, सुपांवर वाळत होती. बाजारात सुक्या मासळीच्या राशी, जांभळांच्या टोपल्या, करवंदांचे द्रोण. नानांनी जांभळं खाऊन जीभ जांभळी केली आणि आरशात बघून घेतली. बरक्या फणसाचा गरा घशात घसरला तेव्हा घाबरून माझा हात धरला, मग आणखी अकरा गरे खाल्ले. फक्त मासळीच्या बाजारातून जाताना ते गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरून चालायचे. नाना माळकरी होते. अंडंसुद्धा त्यांनी जन्मात शिवलं नव्हतं.

"तुमी नुसता डाळभातच खातास?" काकीनं त्यांना विचारलं.

"भाकर बी खातो," नाना म्हणाले.

"आणि आमच्यात कसे काय ऱ्हवतलात आठ दिस?"

"वास घेयाला माळंची मनाई न्हाई."

काकी एवढी हसली की हातातला रतांबा तिच्या लुगड्यावर पडला.

रविवारी दुपारी ऊन कलल्यावर मी नानांना परत नवाबागेला घेऊन गेले. तिथं रापण लागली होती. होडीतून भलं मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पंचवीस-तीस माणसं या टोकाला, तेवढीच त्या टोकाला, आणि हे ओढणं दोन-तीन तास चालतं. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या रापणी होत्या, म्हणून गर्दी जास्त. बायकासुद्धा दोराला होत्या. मी चपला काढल्या आणि नेहमीसारखी जाऊन दोराला लागले. दोन-तीन वर्षांपासून ओढत होते, त्यात मला विशेष असं काही वाटायचं नाही. मागं वळून बघितलं तर नाना धोतर खोचत होते.

"नाना, तुम्ही बसा वर, सावलीत."

"पन्नास मानसं वडायलीत आन म्या बसून बघू? कामून? हात मोडलेत का माजे?"

आणि त्यांनी दोर धरला. मोट ओढलेला माणूस तो. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना लय सापडली. टाच वाळूत रोवायची, पाठ मागं टाकायची, दोन पावलं, परत. रापणीचे तांडेल, म्हणजे सगळ्यांना हाकणारे प्रमुख, भिकूतात्या. ते बाजूनं चालत येऊन बघून गेले आणि मला म्हणाले, "बाई, ह्यो कोण गो? दोर बरो धरता."

"माझे वडील."

"मगे बरोबर."

जाळं वर आलं. बांगड्यांचा चमचमता ढीग वाळूत पडला. तात्या भराभर वाटे घालायला लागले. रापणीचा रिवाज असा की दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा, मग तो कुणी का असेना. नानांच्या पुढ्यात तेरा बांगडे पडले.

नाना दोन पावलं मागं सरले. माळ मुठीत.

"न्हाई, न्हाई. मी माळकरी हाव. मला नगं."

"तुका नको आसात," तात्या म्हणाले. "पण वाटो तुझो. हात लावलस मां दोराक? मगे घेवक व्हयो. परत केल्यार जाळ्याचो अपमान. मगे तू खा नायतर वाट, आमका काय एक."

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी हसू दाबत होते. तेव्हा तात्यांच्या सुनेनं नारळाच्या पातीचा हीर बांगड्यांच्या कल्ल्यांतून ओवला, गाठ मारली आणि ती माळ नानांच्या हातात दिली. एक माळ गळ्यात, एक हातात, असे माझे वडील त्या किनाऱ्यावर उभे होते.

"आता ह्येचं काय करू, माय?"

"काकीला देऊन टाका."

"सगळे एकीला? आसं कसं?" ते विचार करायला लागले. "आपल्याकडं वावरातलं पहिलं आलं की काय करताव? घरटी वाटताव का न्हाई? तसंच करतो. तुज्या आळीत किती घरं हाईत?"

"असतील बारा-तेरा."

"तेराच हाईत ह्ये."

मला वाटलं, दहा मिनिटांत येतील. मी पुढं घरी जाऊन भाकरी टाकल्या. नाना आले ते दीड तासानं. हात साबणानं तीनदा धुतले. धोतराला कोकमाच्या सरबताचे डाग पडले होते, खिशात कुणीतरी काजूगर कोंबले होते, डोक्यावर कुणाची तरी टोपी होती.

"काय झालं नाना? इतका वेळ?"

"बसवून घेत्यात गं समदे," म्हणाले आणि भाकरी खायला बसले. नाना एरवी जेवताना पाऊसपाणी, बैल, भावकी सगळं बोलायचे. त्या संध्याकाळी एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, दोर ओढून थकले.

सोमवारी सकाळी मी किल्लीची थाप तोंडाशी आणून बसले होते. नानांनी कागदाचं नावच काढलं नाही. काकीबरोबर रतांबे फोडत बसले. मंगळवारी त्यांनी काकीच्या पडवीला पावसासाठी नारळाच्या विणलेल्या पातींची झापं बांधून दिली. बुधवारी नुसतेच बाजारात फिरून आले आणि मला सांगितलं की गुळाचा भाव सेलूपेक्षा बरा आहे. मी मनात म्हटलं, विसरले की काय? आणि ते विसरले असतील या कल्पनेनंच मला एवढं बरं वाटलं, की रात्री स्वतःची लाज वाटली. तीन वर्षं बाकावर बसलेला माणूस, त्याच्या विसरण्यावर आपण टपून बसायचं?

म्हणून गुरुवारी संध्याकाळी मीच तो विषय काढला.

"नाना, उद्या एकतीस तारीख. शेवटचा दिवस. उद्या जाऊन कागद देऊन येऊ."

नाना जांभळाची बी चोखत होते. ती त्यांनी अंगणात थुंकली आणि ती कुठं पडली ते बघितलं.

"जाऊ की," म्हणाले. "दुपारी जाऊ."

शुक्रवारी सकाळी मी पेटी भरली. पाच साड्या, दोन पातेली, शाळेतल्या मुलांनी दिलेली शिंपल्यांची माळ. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र तसंच ठेवलं, कारण काकी म्हणाली, ऱ्हवांदे, नव्या भाडोत्र्याक होतला. ते बोलून ती मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

जेवणं झाल्यावर दोन वाजता आम्ही निघालो. नानांनी कोपरीचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "आज रापन हाय म्हनं. शेवटची. होड्या वर वडून घेनारेत. जाता जाता एक हात लावून जाऊ."

"नाना, ऑफिस..."

"पावनेसहापस्तोर आस्तंय. मी इचारलंय."

ऑफिस एका दिशेला आणि नवाबाग दुसऱ्या. जाता जाता कसं होणार ते? पण मी वाद घातला नाही. मला घालायचा नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दोर नुकतेच किनाऱ्याला आले होते. नानांनी धरला, मीही धरला. अडीच वाजले, तीन वाजले. वारा सुटलेला आणि पाणी जड, जाळं इंच इंच येत होतं. साडेतीनला मी म्हटलं, "नाना, निघू या."

"दोर सोडून?"

"लोक सोडतात, जातात. दुसरे धरतात."

"न्हाई. तात्या म्हनलाय, शेवटच्या रापनीला ज्यानं हात लावला त्यानं जाळं वर येईस्तोर काढायचा न्हाई. होय का न्हाई हो तात्या?"

तात्या शेजारूनच चालले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समुद्राकडे बघत म्हणाले, "होय तर. असांच आसता."

सहा वर्षं मी या किनाऱ्यावर होते. असा नियम मी कधी ऐकला नव्हता.

चार वाजले, साडेचार झाले. मी दोर सोडून नानांच्या समोर जाऊन उभी राहिले. "नाना, कागद माझ्याकडे द्या, मी एकटी जाऊन येते."

"तुजा बी हात लागलाय," नाना म्हणाले. "धर."

मी परत धरला. आणि ओढता ओढता मला खरं काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं की हे जाळं कधीच वर येऊ नये. दगडात अडकावं, वाळूत रुतावं, पावणेसहा होऊन जावेत. दर दोन पावलांना मी हे मागत होते आणि दर दोन पावलांना नानांची पाठ बघत होते. घामानं भिजलेली कोपरी, बाकावर बसून बसून थोडी वाकलेली पाठ. त्या पाठीमागं उभं राहून असलं काही मागणं मला जड जात होतं, तरी मी मागत होते.

जाळं पावणेसहाच्या जरा आधी जवळ आलं. तेव्हा नाना, जे आठवडाभर घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते, ते एकदम दोर सोडून कमरेएवढ्या पाण्यात घुसले. चार-पाच बाप्ये जाळ्याची पिशवी उचलत होते, त्यांच्यात. एक लाट आली आणि नानांच्या डोक्यावरून गेली. मी किंचाळले. तात्यांनी त्यांना बखोटीला धरून वर आणलं. ते खोकत होते आणि हसतही होते.

मग त्यांचा हात खिशावर गेला आणि हसणं थांबलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. कागद कसला, लगदा. निळी शाई सगळीकडे पसरलेली. तो त्यांनी तळहातावर धरून माझ्यापुढं केला.

"माय, कागद भिजला."

मी घड्याळ बघितलं. सहा वाजायला पाच मिनिटं होती.

"माज्याच हातानं घालवला बघ," नाना म्हणाले, आणि तो लगदा त्यांनी पाण्यात सोडून दिला.

छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तो कसा उतरतो ते मला त्या क्षणी कळलं. मी खाली बसले आणि तोंडावर खारं पाणी मारत राहिले. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये आणि हसूही दिसू नये, दोन्हींसाठी.

"असू दे, नाना," मी म्हटलं. "असू दे."

त्या दिवशी नानांच्या वाट्याला अठरा बांगडे आले. या वेळी त्यांनी हीर स्वतः मागून घेतला, स्वतः ओवले आणि सगळे काकीला नेऊन दिले. "कागद भिजला पारूबाई," म्हणाले. "आता ही पोरगी तुमच्याच गळ्यात."

काकी म्हणाली, "मगे आमी खंय ढकलतंव?" आणि मासे घेऊन चुलीपाशी गेली. मी पेटी उघडून पाच साड्या परत दांडीवर टाकल्या.

शनिवारी पहाटे नानांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. वाहकानं विचारलं, रिझर्वेशन आहे का. नानांनी कनवटीतून पैसे काढले. "एक द्या. कोल्हापूर."

"नाना, आपलं दोघांचं रिझर्वेशन होतं ना?"

"त्ये बी त्याच खिशात हुतं," नाना म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

मी खाली उभी. गाडी सुटायला वेळ होता. काकीनं दिलेली साटांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, सोडली, परत बांधली.

"नाना, ती खोली..."

"शेळ्या बांधीन. खिडकी हाय, वारं लागंल त्यास्नी."

वाहकानं घंटी मारली. तेव्हा नाना खिडकीतून थोडे वाकले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "त्या ऐतवारी तेरा घरं फिरलो मी. तू पोरांला काय शिकवतीस, त्ये सांगत हुते समदे. कुनाला ताप आला तर तू कशी बसलीस, कुनाचा अर्ज कसा ल्हिवलास. तेरा घरं, माय. एकानं बी इचारलं न्हाई, नवरा कुठं आस्तो म्हनून."

गाडी निघाली. मी हात करायचाही विसरले.

पुढं नऊ वर्षं नाना दर मेच्या शेवटी येत राहिले. दोर धरवेनासा झाला तेव्हा वाळूत बसून ओढणाऱ्यांना सूचना द्यायचे, आणि त्यांचा वाटा तरीही काढला जायचा. तो आदेश माझ्यानंतर पाथरीकडच्या एका शिक्षिकेला मिळाला. तिची दोन लहान मुलं गावी होती. ते कळलं तेव्हा उरलीसुरली टोचणीही गेली. मी इथंच नोकरी केली, इथंच निवृत्त झाले. त्या दिवसाबद्दल नाना कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. विचारायचं काही राहिलंच नव्हतं. का, ते सांगते.

स्टँडवरून मी घरी आले तेव्हा सात वाजले होते. चहा ठेवला. पहिली तारीख होती, आणि पहिल्या तारखेला सकाळी कॅलेंडरचं पान उलटायची माझी सवय शाळेतली. मी खुर्चीवर चढले आणि मेचं पान वर केलं. मागं, जूनच्या पानावर, टाचणीनं एक कागद लावलेला होता. चार घड्यांचा, कोरडा, खडखडीत. वर परभणी जिल्हा परिषदेचा शिक्का, खाली माझं नाव.

मी परत परत तो शिक्का बघितला. पाण्यात गेला तो नुसता दोन जागांच्या तिकिटाचा कागद होता. हा काल दुपारी दोर धरायच्या आधीपासून, घरातून निघायच्याही आधीपासून, इथं भिंतीवर होता. मेच्या पानामागं. जून लागल्याशिवाय मी तिथं बघणार नाही, हे सात दिवसांत त्यांनी हेरून ठेवलं होतं.

खुर्चीवर उभ्या उभ्याच मला रडू फुटलं. आवाज ऐकून काकी हात पुसत आत आली.

"काय झालां गो बाये?"

"नानांचं पत्र आलंय."

"आत्ताच तर गाडयेत बसले मां ते?" तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवल्यानी?"

मी डोळे पुसले.

"ऱ्हव म्हणतत," मी म्हटलं.